मोजा, मग शिकवा

मार्च सरत आला आणि खडकवासला साखळीतल्या धरणांचा साठा वर्तमानपत्रांत चौकटीत छापून यायला लागला की पुण्यात उपदेशाचा हंगाम सुरू होतो. चौकाचौकांत फलक लागतात. फलकावर एक नळ, नळाखाली एक थेंब, थेंबात पृथ्वी आणि कोपऱ्यात भावी नगरसेवकाचा हात जोडलेला फोटो. शाळांत घोषवाक्य स्पर्धा होतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर सेक्रेटरी भल्या सकाळी ‘शॉवर टाळा, बादलीने अंघोळ करा’ असा संदेश टाकतात. त्याच वेळी गच्चीवरची टाकी भरून पन्हळीतून धो धो वाहत असते, कारण टाकीचा बॉल कॉक दिवाळीपासून बिघडलेला आहे आणि दुरुस्तीचा विषय पुढच्या मीटिंगला घ्यायचा ठरला आहे.

या सगळ्या खटाटोपामागचं मत थोडक्यात असं: पुण्याला पाणी कमी नाही, पुणेकरांना पाण्याची किंमत नाही. धरणं चार, सह्याद्रीचा पाऊस दमदार, तरी टंचाई. तेव्हा दोष वापरणाऱ्याचा. लोक नळ सुरू ठेवून दात घासतात. पाइप लावून गाड्या धुतात. काल भरलेलं पाणी आज शिळं झालं म्हणून मोरीत ओतून देतात. वस्त्यांतल्या नळांना तर तोट्याच नसतात. अशा लोकांना चोवीस तास पाणी दिलं तर ते अख्खं शहर धुऊन काढतील! मग उपाय काय? प्रबोधन. संस्कार. जनजागृती. केप टाउनच्या लोकांनी करून दाखवलं, आपल्याला काय धाड भरली आहे?

हे मत अधिकारी मांडतात, पुढारी मांडतात, वर्तमानपत्रांना पत्रं लिहिणारे निवृत्त इंजिनिअर मांडतात. आणि ज्यांच्यावर ठपका ठेवला जातो ते नागरिकही खुशाल माना डोलावतात, कारण प्रत्येकाला खात्री असते की उधळ्या तो शेजारचा. हे मत चुकीचं आहे, हा त्याचा धाकटा दोष. थोरला दोष असा की ते फार सोयीचं आहे. ते एकदा मान्य केलं की कुणालाच काही करावं लागत नाही. महापालिकेला फक्त फलक छापावे लागतात आणि नागरिकाला फक्त हळहळावं लागतं.

आधी हिशेब करू. साधा नळ मिनिटाला सहा लिटर पाणी सोडतो असं धरा. दोन मिनिटं नळ सुरू ठेवून दात घासले तर १२ लिटर वाया. आता कल्पना करा की शहरातली ५० लाख माणसं, अजून दात न आलेल्या तान्ह्या मुलांसकट, सगळीच्या सगळी अशी बेपर्वा आहेत. आणि उद्या सकाळी या सर्वांचं एकदम मतपरिवर्तन झालं. घोषवाक्य स्पर्धेचं सार्थक झालं. किती पाणी वाचेल? रोज ६ कोटी लिटर, म्हणजे ६० दशलक्ष लिटर.

आता दुसरी बाजू. पुणे महापालिका रोज दीड हजार दशलक्ष लिटरच्या घरात पाणी उचलते. वर्षाचं ते १९ टीएमसीच्या, म्हणजे अब्ज घनफुटांच्या, पुढे जातं. त्यातलं ४० टक्क्यांच्या आसपास पाणी वाटेत हरवतं. हा आकडा कुणा आंदोलकाचा नाही. समान पाणीपुरवठा योजना का हवी हे पटवून देताना खुद्द महापालिकेने तो वर्षानुवर्षं सांगितला आहे. म्हणजे रोज ६०० दशलक्ष लिटर. सगळ्या शहराने संतवृत्तीने दात घासले तरी या हरवणाऱ्या पाण्याचा दहावा हिस्सा जेमतेम भरून निघतो. वर्षभराचा हिशेब मांडला तर हे पाणी साडेसात टीएमसीच्या वर जातं. खडकवासला धरणात १.९७ टीएमसी मावतं, टेमघरमध्ये ३.७१. ही दोन्ही धरणं काठोकाठ भरून वर सुमारे दोन टीएमसी उरेल, इतकं पाणी आपण दरवर्षी धरणातून काढतो, पंपाने चढवतो, शुद्ध करतो आणि हरवून बसतो. ते शोधायचं सोडून आपण कुणाच्या टूथब्रशवर पाळत ठेवतो आहोत? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

हरवलेलं सगळंच पाणी जमिनीत मुरतं असं नाही. काही गंजलेल्या वाहिन्यांच्या सांध्यांतून जातं, काही अनधिकृत नळजोडांतून, काही मोजणीच नसलेल्या वापरात. यातलं कुठे किती, हे कुणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. माझी तक्रार नेमकी तीच आहे. ज्याला आपल्या घरातली गळती लिटरमध्ये सांगता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या बादलीची उंची मोजायला येऊ नये.

आणि पाणी नळापर्यंत येण्याआधीच काय होतं? टेमघर धरणाच्या भिंतीतून इतकं पाणी झिरपत होतं की २०१६ मध्ये फौजदारी गुन्हे दाखल करण्यापर्यंत वेळ आली. २७ सप्टेंबर २०१८ रोजी दांडेकर पुलाजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि भर उन्हात, पाऊस नसताना, शेकडो घरांत पाणी शिरलं. तेव्हाच्या जलसंपदा मंत्र्यांनी दोष घुशी, उंदीर आणि खेकड्यांच्या बिळांना दिला. खेकड्यांसाठी जलसाक्षरतेचं एखादं शिबिर घेतलं गेलं का, ते मात्र कळलं नाही.

उपदेशकांचं आवडतं हत्यार म्हणजे दरडोई वापर. ‘निकष माणशी १३५ लिटरचा, फार तर महानगराला १५०, आणि पुणेकर वापरतो त्याच्या दुप्पट!’ ऐकायला भयंकर. पण हा आकडा येतो कुठून? कुणी घराघरात जाऊन मोजला आहे? नाही. धरणातून उचललेल्या पाण्याला लोकसंख्येने भागायचं, की झाला दरडोई वापर. म्हणजे जे पाणी कधी घरात पोहोचलंच नाही, तेही पुणेकराने वापरलं असं समजायचं. तुमच्या वाहिनीतून गळलेलं पाणी माझ्या नावावर! त्यात भाज्य आणि भाजक, दोन्हींवर एकमत नाही. जलसंपदा खातं शहराची लोकसंख्या एक धरतं, महापालिका दुसरी. उपशाच्या आकड्यावरून आणि थकबाकीवरून या दोघांचा वाद तर बारमाही. असा आकडा घेऊन सामान्य माणसाला अपराधी ठरवायचं, याला हिशेब म्हणत नाहीत.

शिवाय सरासरी ही फार लबाड गोष्ट आहे. २०१७ मध्ये ११ गावं पालिकेत आली, २०२१ मध्ये आणखी २३. उंड्रीपासून वाघोलीपर्यंतच्या कितीतरी सोसायट्या टँकरवर जगतात. तिथे पाणी मिळतं ते पैसे मोजून, आणि सोसायटीच्या वहीत टँकरचा नंबर, वेळ आणि वॉचमनची सही असते. पाण्याची किंमत या लोकांना कुणी शिकवायची? त्यांना ती दर महिन्याच्या मेंटेनन्सच्या बिलात छापून येते. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे) रुग्ण वाढले, तेव्हा सगळ्या शहराला कळलं की नांदेड, किरकटवाडीसारख्या भागांत शुद्धीकरण केंद्रातून न जाता, विहिरीत नुसतं क्लोरिन टाकून पाणी दिलं जात होतं. ही गावं खडकवासला धरणापासून हाकेच्या अंतरावर. धरण उशाशी आणि पिण्याचं शुद्ध पाणी नाही. सरासरीत मात्र तीही माणसं आमच्या बरोबरीने ‘दुप्पट’ पाणी उधळतात.

आता शिळ्या पाण्याकडे वळू, कारण हा आरोप मोठ्या तुच्छतेने केला जातो. लोक आदल्या दिवशीचं पाणी ओततात, हे खरं. पण भरून का ठेवतात? गुरुवारी दुरुस्तीसाठी पाणी बंद, ‘शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबाने पाणीपुरवठा होईल’ हे वाक्य पुणेकराला राष्ट्रगीतासारखं पाठ आहे. उद्या येईल की नाही याची खात्री नसली की माणूस हाताला लागेल ते भांडं भरतो. पिंप, बादल्या, पातेली, प्रेशर कुकरसुद्धा. दुसऱ्या दिवशी पाणी आलं की भांडी तर रिकामी हवीत, म्हणून जुनं जातं. शिवाय रिकाम्या पडलेल्या वाहिनीतून पहिली दहा मिनिटं गढूळ पाणी येतं. तेही सोडून द्यावं लागतं. ही नासाडी अंधश्रद्धेतून होत नाही, वेळापत्रकातून होते. पुरवठा बेभरवशाचा ठेवायचा आणि लोक साठेबाज झाले म्हणून नाक मुरडायचं, यासारखा न्याय दुसरा नाही.

वस्तीतल्या नळाला तोटी नसते, तोही आरोप ऐकून घ्या. ज्या नळाला दिवसातून दोन तास पाणी येतं आणि त्या दोन तासांत ४० घरांचे हंडे भरायचे असतात, तो नळ बंद करायला मध्ये उसंत कुठे असते? तोटी हवीच, लावावी. पण तिथल्या बाईच्या घरात डोकावून बघा. चार हंडे आणि एक निळं पिंप, यात पाच माणसांचा दिवस निघतो. तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांच्या पहिल्या हाताला, कपड्यांचं शेवटचं पाणी उंबऱ्याबाहेरची फरशी धुवायला. कुठल्या कार्यशाळेत शिकली ती हे? तिला ‘पाणी हेच जीवन’ सांगायला जाणाऱ्याची हिंमत दांडगी म्हणायला हवी.

‘चोवीस तास पाणी दिलं तर नासाडी वाढेल’ हा तर उपदेशकांचा हुकमी एक्का. इथे पुरावा फार लांब शोधायला नको. कराडशेजारच्या मलकापूरने चोवीस तास पाणी दिलं, घरोघर मीटर बसवले आणि जास्त वापराला चढता दर लावला. शहर वाहून गेलं नाही. पुण्याच्या लोकांपेक्षा मलकापूरचे लोक जन्मतः जास्त संस्कारी आहेत, असं कुणाला म्हणायचं असेल तर त्याने ते उघडपणे म्हणावं. नसेल तर मान्य करावं की जादू माणसांत नव्हती, मीटरमध्ये होती. नळाला केव्हाही पाणी येणार हे पक्कं झालं की कुणी पिंप भरून ठेवत नाही, आणि महिन्याला बिल येणार हे पक्कं झालं की बॉल कॉक दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत बिघडलेला राहत नाही.

इथे मात्र माझं भांडण महापालिकेपुरतं उरत नाही. जे सद्गृहस्थ सोसायटीच्या सभेत पाणीबचतीवर पंधरा मिनिटं बोलतात, तेच मीटर बसवायला आलेल्या माणसाला फाटकावरून परत पाठवतात. विचारलं की दोन कारणं तयार असतात. एक, ‘आम्ही कर भरतो.’ भरता, हो. पण घरगुती पाणीपट्टी ठरते ती घराच्या करयोग्य मूल्यावर. म्हणजे एकटी राहणारी आजी आणि तिच्या वरच्या मजल्यावर तेवढ्याच घरात राहणारं, दोन गाड्या रोज धुणारं कुटुंब, दोघांची पाणीपट्टी सारखी. आजीने थेंब न् थेंब वाचवला तरी तिला एक रुपया परत मिळत नाही. वरच्यांनी नळ रात्रभर वाहू दिला तरी एक रुपया जास्त पडत नाही. ज्या व्यवस्थेत वाचवणारा आणि उधळणारा एकाच पारड्यात तोलले जातात, तिथे बचतीचं कीर्तन ऐकायला कोण बसणार?

दुसरं कारण जरा भारदस्त असतं: ‘मीटर म्हणजे खासगीकरणाची पहिली पायरी.’ ही भीती पोकळ नाही. नागपुरात २०१२ पासून खासगी कंपनीकडे पाणीपुरवठा गेला आणि तिथल्या बिलांवरून, कामावरून जो गदारोळ झाला तो सर्वांसमोर आहे. पण मीटर आणि कंपनी या दोन वेगळ्या वस्तू आहेत. मुंबईत मीटर कैक वर्षं आहेत, माणशी ठरावीक लिटरच्या पुढे वापर गेला की दर चढत जातो, आणि जलवाहिन्या आजही महापालिकेच्याच आहेत. २००६-०७ मध्ये अंधेरीच्या के-पूर्व विभागात खासगीकरणाचा घाट घातला गेला तेव्हा मुंबईकरांनी तो हाणून पाडला. त्यासाठी मीटर उखडून टाकावे लागले नाहीत. उलट मोजमाप नसलेली व्यवस्थाच कंपनीच्या घशात घालायला सोपी. गळती किती, वसुली किती, हेच ठाऊक नसेल तर कंत्राटात काय लिहिलं आहे ते तपासणार कशाच्या आधारे?

गरिबावर बोजा पडेल म्हणाल, तर पहिल्या टप्प्याचा दर नाममात्र ठेवा, वस्त्यांना तो माफ करा. हा दर ठरवण्याचा प्रश्न आहे, मोजण्याचा नाही. आज न मोजताही गरीबच जास्त देतो. फक्त तो पालिकेला न देता टँकरवाल्याला देतो, किंवा रोजगार बुडवून रांगेत उभा राहून देतो. त्याची पावती निघत नाही एवढंच.

महापालिकेने मीटरचं काय केलं, हे न सांगितलेलंच बरं. समान पाणीपुरवठ्यासाठी २०१७ मध्ये २०० कोटींचे कर्जरोखे काढले, मुंबईच्या शेअर बाजारात त्यांची वाजतगाजत नोंदणी झाली, पाणीपट्टी दरवर्षी वाढवत नेण्याचा ठराव झाला. टाक्या उभ्या राहिल्या, वाहिन्या टाकल्या गेल्या, लाखभर मीटरही बसले. आणि घरगुती पाणीपट्टी वर्षानुवर्षं करयोग्य मूल्यावरच निघत राहिली. कुठल्याही पेठेतल्या फुटपाथवर मीटरची चौकोनी पेटी बघा: झाकण गेलेलं, आत पानाच्या पिचकाऱ्या, विडीची थोटकं, आणि काचेवर साचलेल्या चिखलाखाली एक आकडा, जो वाचायला कुणी येत नाही. एवढा खर्च करून मोजायचं यंत्र आणलं आणि मोजलेलं वाचायचंच नाही, हा विक्रम आपल्या नावावर जमा आहे. कारण उघड आहे. बिल काढलं की मतदार रागावतो. फलक लावला की तो टाळ्या वाजवतो.

सवलतींचंही तेच. पर्जन्यजलसंचय, सौर ऊर्जा, गांडूळखत यांतला एक प्रकल्प केला तर मिळकत करात ५ टक्के सूट, दोन केले तर १०. कल्पना चांगली. प्रत्यक्षात नव्या इमारतीच्या मागे, कंपाउंडच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो. त्यात विटांचे तुकडे, वाळू, वर लोखंडी जाळी, जाळीवर चिप्सची पाकिटं. गच्चीवरून आलेला पीव्हीसी पाइप खड्ड्याच्या हातभर अलीकडे संपतो आणि पावसाचं पाणी इमानेइतबारे गटारात जातं. भोगवटा पत्र मिळालेलं असतं, सूट चालू असते. पुण्याचा खडक बेसॉल्ट. पाणी मुरायचं तर भेगा कुठे आहेत ते आधी बघावं लागतं. पण ते बघणार कोण? खड्डा आहे का, एवढंच विचारलं जातं. खड्ड्यात पाणी जातं का, हे कुणी विचारत नाही.

सांडपाण्याची गोष्टही अशीच. बांधकामाला प्रक्रिया केलेलं पाणी वापरा असा नियम आहे, ते मागवायला ॲपसुद्धा आहे. मोठ्या गृहप्रकल्पांना स्वतःचं सांडपाणी प्रक्रिया केंद्र बंधनकारक आहे. बिल्डर ते बांधतो, ताबा देतो आणि निघून जातो. पुढे विजेचं बिल, ऑपरेटरचा पगार आणि वास, हे तिन्ही सोसायटीच्या गळ्यात. दोन वर्षांत केंद्राला कुलूप लागतं आणि फ्लशच्या टाकीत पुन्हा पिण्याचं पाणी जातं. नवीन गावांत परवानगी देताना तर बिल्डरकडून हमीपत्र घेतात की महापालिकेचं पाणी येईपर्यंत मी पाण्याची सोय करीन. त्या हमीपत्राचं पुढे काय होतं ते फ्लॅट घेणाऱ्याला विचारा. ज्या जागी नळ नेता येत नाही तिथे बारा मजल्यांना परवानगी देणाऱ्या सहीने जेवढं पाणी वाया घालवलं असेल, तेवढं पाइपने गाड्या धुणाऱ्या साऱ्या शहराने घातलं नसेल.

गाड्यांवरून आठवलं. २०२४ च्या मार्चमध्ये बंगळुरूने पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यासारख्या वापराबद्दल २२ कुटुंबांना प्रत्येकी ५ हजार रुपये दंड केला. एकूण १ लाख १० हजार. देशभर बातमी झाली. कोटीभराहून मोठ्या शहरात २२ कुटुंबं! त्याच महिन्यात त्याच शहराने सार्वजनिक आणि व्यावसायिक जागांतल्या नळांना एरेटर सक्तीचे केले. नळाच्या तोंडाशी बसणारी ही छोटी जाळी पाण्यात हवा मिसळते आणि हात तितकेच ओले करत पाणी कमी सोडते. तिच्यापुढे माणूस संस्कारी आहे की उधळ्या, हा प्रश्नच उरत नाही. पण तिची बातमी मागच्या पानावर गेली. आपल्याला अपराधी बघायला आवडतो, वॉशर बघायला आवडत नाही.

काही पुणेकर हे सगळं ऐकून वेगळीच पळवाट काढतात: ‘बहुतेक पाणी तर शेतीला जातं, उसाला जातं, शहराच्या मागे का लागता?’ उसावर बोलायचं असेल तर जरूर बोलू, त्याला स्वतंत्र लेख लागेल. पण खडकवासल्याचा कालवा दोनशे किलोमीटर जातो तो हवेली, दौंड आणि इंदापूरसाठी, आणि आपण मंजूर कोट्याच्या वर जे उचलतो ते कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत कुणाच्या तरी उन्हाळी आवर्तनातून वजा होतं. इंदापूरच्या शेतकऱ्याच्या डाळिंबाचं पाणी आपल्या फुटक्या वाहिनीतून गटारात गेलं, तर उसाकडे बोट दाखवून ते परत येत नाही. तिकडून भागेना म्हणून भामा आसखेड धरणाचं पाणी आणलं. त्याची वाहिनी धरणग्रस्तांनी पुनर्वसनासाठी पुन्हा पुन्हा अडवली, अखेर २०२१ च्या पहिल्या दिवशी तिचं उद्घाटन झालं. आता नजर मुळशीवर आहे, तिथेच, जिथे १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला होता. आधीची बादली फुटकी आहे की धड, हे न बघता चौथ्या, पाचव्या विहिरीवर हक्क सांगणाऱ्याला आपण घरात काय म्हणू?

राहता राहिलं केप टाउन. उपदेशकांचं काशी-रामेश्वर. दुष्काळात तिथल्या लोकांनी मनावर घेतलं आणि शहर वाचलं, ही कथा आपल्याकडे आवडीने सांगतात. अर्धीच सांगतात. फेब्रुवारी २०१८ पासून तिथे माणशी दिवसाला ५० लिटरची मर्यादा घातली गेली, हे खरं. पण ती मर्यादा पाळली जाते की नाही हे कळत होतं, कारण तिथे घरगुती वापर मोजला जात होता. जास्त वापरणाऱ्याचा दर भराभर चढत होता. फारच वापरणाऱ्याच्या घरी पुरवठा आपोआप आवळणारं यंत्र बसवलं जात होतं. कुठलं घर मर्यादेत आहे हे नकाशावर हिरव्या ठिपक्यांनी कुणालाही दिसत होतं. महापालिकेने वाहिन्यांतला दाब कमी केला, गळती घटवली, धरणांच्या आणि मागणीच्या आकड्यांचा ताळेबंद वेळोवेळी जाहीर केला. शेतकऱ्यांचं पाणी कापलं गेलं, आणि एका खोऱ्यातल्या शेतकऱ्यांनी आपल्या साठ्यातलं १००० कोटी लिटर शहराला सोडलं. २०१५ च्या उन्हाळ्यात रोज १२०० दशलक्ष लिटरच्या आसपास असलेली मागणी २०१८ मध्ये निम्म्याच्याही खाली आली.

फलक तिथेही होते, दोन मिनिटांच्या अंघोळीची गाणीसुद्धा होती. पण फलकावरचा ५० हा आकडा घरातल्या मीटरवर येऊन तपासता येत होता. आपल्या फलकावर थेंबातली पृथ्वी असते. ती कुठल्या मीटरवर तपासायची? केप टाउनच्या गोष्टीतलं सगळं कष्टाचं काम वगळून फक्त गाणं आयात करायचं, आणि गाणं लागू पडलं नाही की श्रोत्यांना नावं ठेवायची!

कुणी म्हणेल, मग सांगूच नये का लोकांना पाणी जपून वापरा म्हणून? सांगा की. गळका नळ दुरुस्त करावा, आरओ मशीनमधून फेकलं जाणारं पाणी फरशी पुसायला घ्यावं, हे आईने सांगितलं तरी पटतं. त्यासाठी महापालिका लागत नाही. महापालिका लागते ती जे आईला करता येत नाही त्यासाठी: जमिनीखालची वाहिनी शोधायला, अनधिकृत जोड तोडायला, बंद पडलेलं प्रक्रिया केंद्र चालू करायला लावायला, मीटर वाचून बिल काढायला. ही चार कामं टाळून पाचवं, सगळ्यात स्वस्त काम तेवढं तिने उचललं आहे. शहर पाणी वाचवतं ते त्याच्या नळयोजनेच्या हिशेबात. तिथे वाचलं नाही तर ५० लाख सद्गुणी माणसंही ते वाचवू शकत नाहीत.

तेव्हा येत्या २२ मार्चला, जागतिक जल दिनाला, फलक जरूर लावा. फक्त थेंब, पृथ्वी आणि हात जोडलेला फोटो काढून टाका. प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या दाराशी तीन ओळी लिहा: काल या भागात किती पाणी सोडलं, किती घरांत पोहोचलं, किती हरवलं. चौथ्या ओळीत, हरवलेलं शोधायची जबाबदारी कोणत्या अभियंत्यावर आहे ते लिहा. आकडा रोज बदला. पाठोपाठ पहिलं बिल काढा, माझ्यापासून काढा. आणि हरवलेल्या पाण्याचा तिसरा आकडा निम्म्यावर आला की मग खुशाल आमच्या दारात या आणि बादलीत किती पाणी घेता म्हणून विचारा.